भूल आणि भूलथाप : शस्त्रक्रियेपूर्वीचे मूल

शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाची शुद्ध आणि वेदना काही काळापुरती हरपावी म्हणून जे औषध दिले जाते, त्याच्या क्रियेला वैद्यकीय ग्रंथांत ‘संवेदनाहरण’ किंवा ‘बधिरीकरण’ असे शब्द असले, तरी मराठी माणूस तिला ‘भूल’ म्हणतो आणि ती देणाऱ्या डॉक्टरला भूलतज्ज्ञ. या शब्दाच्या पोटात दोन अर्थ आहेत. भूल म्हणजे शुद्ध हरपणे, आणि भूल म्हणजे चकणे, फसणे. भुलणे, भुलवणे, भूलथाप हे शब्द दुसऱ्या अर्थाच्या घरातले. मोठ्या माणसावर शस्त्रक्रिया करताना पहिल्या अर्थाची भूल पुरते. लहान मुलाच्या बाबतीत मात्र आधी भूलथाप आणि मागून भूल, असा क्रम घराघरांत आणि वॉर्डावॉर्डांत रूढ झालेला दिसतो. ‘फोटो काढायला जायचंय’, ‘डॉक्टरकाका नुसतं बघणार’, ‘सुई नाहीच आहे’, ‘आई आत येणार आहे’ ही वाक्ये प्रेमापोटीच बोलली जातात यात शंका नाही. परंतु शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी ती एकामागून एक खोटी ठरतात, आणि ज्या क्षणी मुलाला विश्वासाची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्या क्षणी त्याच्या हाती काहीच उरत नाही. मुलाची ही भीती औषधाने कमी करता येते, खेळाने करता येते, आईच्या सहवासानेही करता येते. पण या सर्वांच्या मुळाशी त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या वयाला पेलेल इतके खरे सांगणे असावे लागते, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे, आणि ते गोवंडीच्या संदर्भात मांडण्यास विशेष कारण आहे.

गोवंडी मुंबई महानगरपालिकेच्या एम पूर्व विभागात मोडते. शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर, लोटस कॉलनी या दाट वस्त्यांतील मुलाच्या हर्नियाची, न उतरलेल्या वृषणाची, टॉन्सिलची, दुभंगलेल्या ओठाची किंवा भाजल्यानंतर आखडलेल्या हाताची शस्त्रक्रिया ठरली, की त्याचे कुटुंब एकतर गोवंडीतच असलेल्या पंडित मदन मोहन मालवीय शताब्दी रुग्णालयात जाते किंवा हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत येऊन, तेथे पूल ओलांडून दुसरी गाडी पकडते आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे के. ई. एम. किंवा १९२९पासून केवळ मुलांसाठी चालणारे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय गाठते. वडिलांचा खाडा होतो, धाकटी भावंडे शेजारणीकडे राहतात, आणि आईच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते, जिच्यात केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, आधार कार्ड आणि रेशन कार्ड असे सगळे घडी घालून ठेवलेले असते. या पिशवीतील प्रत्येक कागदाबद्दल कोणी ना कोणी आईला प्रश्न विचारतो. ज्याच्या अंगावर शस्त्र चालणार आहे, त्याला मात्र क्वचितच कोणी काही विचारते किंवा सांगते. आणि जे त्याच्या कानावर पडते, ते तीनचार भाषांत पडते, कारण घरी उर्दू, हिंदी, भोजपुरी, दखनी, तमिळ किंवा मराठी, वॉर्डात सिस्टरांची आणि मावशींची मराठी, आणि राऊंडवर आलेल्या डॉक्टरांची इंग्रजी, अशा बोलण्यातून ‘ओटी’, ‘एनबीएम’, ‘सलाईन’, ‘कटिंग’ एवढे सुटे शब्द त्याला उमगतात आणि उरलेली गोष्ट ते स्वतः रचते.

मुलाने रचलेली ही गोष्ट वयाप्रमाणे वेगवेगळी असते. सहासात महिन्यांच्या आतील बाळ परक्या हातांत फारसा विरोध करत नाही. त्यानंतर सुमारे पाचव्या वर्षापर्यंत भीतीचा मुख्य विषय सुई किंवा सुरी नसून आईपासून तुटणे हा असतो. तीन ते सात वर्षांचे मूल शस्त्रक्रियेचा अर्थ बहुधा शिक्षा असा लावते, कारण या वयात आपण केलेल्या खोडीचा आणि आपल्यावर आलेल्या दुखण्याचा कार्यकारणसंबंध त्याला खराच वाटतो, आणि त्याला खतपाणी मोठ्यांनीच घातलेले असते : ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचेल’ ही धमकी ज्या घरात कधीच उच्चारली गेली नाही, असे घर शोधावे लागेल. शाळकरी मूल कापण्याच्या, रक्ताच्या आणि आपल्या शरीराचा एखादा भाग कायमचा जाण्याच्या भीतीने ग्रासते. किशोरवयात ‘मध्येच जाग आली तर’, ‘उठलोच नाही तर’ आणि परक्यांसमोर कपडे उतरवण्याची लाज, या भीती येतात. त्या बोलून दाखवल्या जात नाहीत, म्हणून शांत बसलेला तेरा वर्षांचा मुलगा घाबरलेला नाही असे समजण्याची चूक वारंवार होते.

ही भीती क्षणिक असते, मूल रडून गप्प होते आणि विसरते, असा समज वैद्यकशास्त्रातही दीर्घकाळ होता. तो प्रथम ठळकपणे खोडून काढणाऱ्यांत डेव्हिड लेव्ही या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाचा उल्लेख करावा लागतो. त्याने १९४५ साली, शस्त्रक्रिया झालेल्या १२४ मुलांच्या नोंदी तपासून, त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश मुलांत रात्री दचकून उठणे, आईला चिकटून राहणे, अंधाराची व परक्यांची भीती असे परिणाम मागे राहिल्याचे दाखवले आणि महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मनोविकारांशी त्यांचे साम्य नोंदवले. त्यानंतर १९५२ साली ब्रिटनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक मूक चित्रपट केला, ज्यात ती मुलगी आक्रस्ताळेपणा न करता आतल्या आत मिटत जाते. तो प्रथम पाहणाऱ्या अनेक डॉक्टरांना राग आला, कारण ज्याला ते ‘रुळलेले मूल’ म्हणत होते ते वस्तुतः हताश झालेले मूल होते, हे पडद्यावर दिसत होते. पुढे १९५९च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईवडिलांना मुलाला केव्हाही भेटू द्यावे आणि लहान मुलांच्या आईला सोबत राहू द्यावे, अशी शिफारस केली, तेव्हा तेथील रुग्णालयांना तो मोठा बदल वाटला.

येथे थोडे थांबून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या सवलतीसाठी तिकडे समिती बसवावी लागली, ती मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत रीतच आहे : मुलाच्या खाटेवर पायथ्याशी आई अंग दुमडून झोपते, त्याची लघवी-संडास, खाणेपिणे, औषध सगळे तीच पाहते, आणि तिच्यावाचून बालरुग्णांचा वॉर्ड एक दिवसही चालणार नाही. ही रीत मनुष्यबळाच्या टंचाईतून आली असली, तरी मुलाच्या दृष्टीने ती मोठी ठेव आहे. ती ठेव ज्या ठिकाणी सर्वाधिक उपयोगी पडावी, तेथेच, म्हणजे वॉर्डापासून शस्त्रक्रियागृहापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात, वाया जाते. मागे नाड्या बांधलेला, मापाने मोठा सैल झगा घातलेले मूल ट्रॉलीवर ठेवले जाते, लाल रेघेपाशी आईला थांबवले जाते, आणि हिरव्या कपड्यांतील, तोंड झाकलेली, म्हणून चेहराच नसलेली माणसे त्याला आत नेतात.

या टप्प्यावर मोठी माणसे जे बोलतात, त्याचा गेल्या तीन दशकांत बारकाईने अभ्यास झाला आहे. भीती मोजण्यासाठी अमेरिकेतील येल विद्यापीठात झीव्ह केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षणपद्धती तयार केली, जिच्यात मुलाची हालचाल, आवाज, चेहऱ्यावरील भाव, सावधपणा आणि पालकांकडे वळण्याची रीत अशा पाच गोष्टी पाहून गुण दिले जातात. तिची सुधारित आवृत्ती १९९७ साली प्रसिद्ध झाली आणि ती आज जगभर वापरली जाते. तिच्या आणि तत्सम निरीक्षणांच्या आधारे एक विलक्षण गोष्ट पुढे आली. ‘घाबरू नकोस’, ‘काही होणार नाही’, ‘झालंच आता’ असा धीर जितका अधिक दिला जातो, तितके मूल अधिक अस्वस्थ होते. याचे कारण मुलाच्या अनुभवात आहे : एरवी ज्या गोष्टीत धोका नसतो तिच्याबद्दल आई कधीच ‘घाबरू नकोस’ म्हणत नाही, तेव्हा हे शब्द आणि तिचा घोगरा झालेला आवाज यांतून मूल एवढेच वाचते की आईसुद्धा घाबरली आहे. शिवाय ‘काही होणार नाही’ हे विधान खोटे आहे; काहीतरी होणारच आहे. त्याऐवजी आता काय होणार, मग काय, त्या वेळी मुलाने काय करायचे, आणि आई कोठे असेल, एवढे सांगितले, किंवा त्याचे लक्ष एखाद्या गोष्टीत, गाण्यात, हातातील खेळण्यात गुंतवले, तर अस्वस्थता उतरते.

केन यांच्याच गटाने २००७ साली, २ ते १० वर्षांच्या ४०८ मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्याचे महत्त्व येथे विशेष आहे. काही मुलांना नेहमीप्रमाणे नेले, काहींसोबत भूल देताना पालक आत होते, काहींना मिडाझोलाम हे भीती शमवणारे औषध तोंडाने दिले, आणि काहींच्या कुटुंबांना आधीच तयार केले : त्यांना चित्रफीत दाखवली, मास्क घरी दिला, तो रोज थोडा वेळ नाकाला लावण्याचा सराव करवला, पालकांना पोकळ धीर न देता लक्ष कसे गुंतवावे हे शिकवले. शस्त्रक्रियेपूर्वी वाट पाहण्याच्या जागेत ही तयार केलेली मुले इतर तिन्ही गटांहून शांत होती. मास्क लावताना ती औषध दिलेल्या मुलांइतकीच शांत राहिली, आणि नंतर त्यांना वेदनाशामक कमी लागले. केवळ पालकाला आत नेण्याचा फायदा मात्र भरवशाचा दिसत नाही, असे अनेक अभ्यास सांगतात, कारण तयारी न झालेली आई आपली भीतीही सोबत घेऊन आत जाते. भुलीच्या सुरुवातीला मुलाचे डोळे फिरतात, हातपाय झटकले जातात, श्वास घरघरतो. हे औषधाच्या क्रियेचे ठरलेले टप्पे असले, तरी ज्या आईला ते आधी सांगितलेले नाही, तिला ते मूल हातचे जात असल्यासारखे दिसते. म्हणून ‘आईला आत घ्या’ ही मागणी ‘आईला आधी सांगा’ या मागणीच्या मागून यावी, हे मत येथे स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे.

खरे सांगायचे म्हणजे सगळे सांगायचे असे नव्हे, आणि शब्दांची निवड हा या कामाचा गाभा आहे. गोवंडीच्या मुलाला ‘कापणे’ हा शब्द पुस्तकातून कळलेला नसतो. देवनारचा कत्तलखाना जवळ आहे, बकरी ईदच्या आधी तेथे भरणारा बाजार सर्व धर्मांच्या मुलांनी पाहिलेला असतो, आणि ‘उद्या तुझं पोट कापणार’ हे गल्लीतील एखाद्या मोठ्या मुलाचे वाक्य त्याच्यापुढे जे चित्र उभे करते, ते पुसायला भूलतज्ज्ञाकडे दोन मिनिटेही नसतात. ‘झोपवणार’ हा शब्दही वाटतो तितका निर्धोक नाही, कारण रोजच्या झोपेतून भांड्याच्या आवाजाने जाग येते हे मुलाला ठाऊक असते. तेव्हा ‘ही औषधाची झोप आहे, काम संपेपर्यंत औषध चालूच ठेवतात, म्हणून मध्ये जाग येत नाही, आणि काम झाले की औषध बंद करतात, मग जाग येते’ इतके सांगितल्यावाचून तो वापरू नये. सुई टोचणार असेल तर टोचणार असे सांगावे, मुंगी चावल्यासारखे वगैरे न म्हणता ‘थोडं दुखेल, पाच आकडे मोजेपर्यंत’ असे सांगावे, आणि जेथे हातावर बधिर करणारे मलम तासभर आधी लावता येते तेथे ते लावावे. सहा वर्षांपुढील मुलाला पाचसहा दिवस आधी सांगणे बरे, कारण त्याला ते पचवायला, पुन्हा पुन्हा विचारायला वेळ हवा असतो, आणि आदल्या दिवशी अचानक सांगितल्यास त्याची भीती उलट वाढते. तीनचार वर्षांच्या मुलाला मात्र आठवडा म्हणजे काय हेच कळत नाही, त्याला आदल्या दिवशी आणि त्या सकाळी सांगावे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेने, जिचा भारताने १९९२ साली स्वीकार केला, मुलाशी संबंधित बाबींत त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क मान्य केला आहे; ज्याला काही सांगितलेच नाही ते मूल काय म्हणणार, हा प्रश्न त्या हक्काच्या आधी येतो.

उपास हा या विषयाचा दुर्लक्षित, परंतु मुलाच्या लेखी सर्वांत मोठा भाग आहे. भुलीत गिळण्याचे व खोकण्याचे संरक्षण सुटते, त्यामुळे पोटातील अन्न वर येऊन फुफ्फुसांत गेल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून उपाशी ठेवावे लागते. पण सर्वमान्य नियम असा आहे की घन अन्न ६ तास, आईचे दूध ४ तास आणि पाण्यासारखे पारदर्शक द्रव २ तास आधीपर्यंत चालते, आणि युरोपातील बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८पासून पाण्याची मर्यादा १ तासावर आणली आहे. ‘रात्री बारानंतर काही नाही’ असा एकच हुकूम सर्वांना दिला, आणि यादीत त्या मुलाचा नंबर दुपारी लागला, तर ते मूल बारा तास पाण्यावाचून राहते. मग त्याच्या रडण्याला भीती म्हणावे की तहान, हे सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूने, नियमामागील कारण आईला कोणी समजावलेले नसते, म्हणून ती कळवळून कोपऱ्यात चहात बुडवलेले बिस्कीट भरवते, आणि दुधाचा चहा पारदर्शक द्रवात मोडत नाही हे तिला कळते तेव्हा शस्त्रक्रिया रद्द झालेली असते. साखरपाणी केव्हापर्यंत द्यायचे आणि चहा का द्यायचा नाही, या दोन वाक्यांनी यांतील बराच त्रास टळण्यासारखा आहे.

रद्द होणे किंवा पुढे ढकलले जाणे हे या वस्तीत आणखी एका कारणाने घडते. सर्दी-खोकला असताना भूल दिल्यास श्वासनलिकेचे तोंड आवळले जाण्याचा धोका वाढतो, म्हणून भूलतज्ज्ञ काही आठवडे थांबायला सांगतात, आणि ते योग्यच असते. परंतु शहराचा कचरा १९२७पासून जेथे येऊन पडतो, त्या देवनारच्या डम्पिंग ग्राउंडच्या सावलीत, जेथे जानेवारी २०१६मध्ये लागलेल्या आगीचा धूर दिवसचे दिवस घरांत भरला होता, तेथील मुलाला खोकल्यावाचून सापडणे कठीण. त्याची मनाची तयारी एकदा होते, मोडते, पुन्हा करावी लागते, आणि दुसऱ्या खेपेला ‘या वेळी तरी नक्की का?’ या त्याच्या प्रश्नालाही खरे उत्तर द्यावे लागते.

मिडाझोलामसारख्या औषधांना कमी लेखण्याचे कारण नाही. अतिशय घाबरलेल्या, पूर्वी वाईट अनुभव आलेल्या किंवा समजावणे पोहोचत नाही अशा मुलांसाठी ती वरदान आहेत. मात्र औषध तोंडाने दिल्यावर २० ते ३० मिनिटांनी लागू पडते आणि काही वेळाने उतरते, त्यामुळे यादी पुढेमागे झाली की त्याचा मेळ चुकतो. गर्दीच्या रुग्णालयात हा मेळ रोज जमणे अवघड असते, हे तेथे काम करणारा कोणीही सांगेल.

मग तयारी करवायची कोणी? पाश्चात्य देशांत यासाठी स्वतंत्र पेशा आहे, आणि त्याच्या उगमाकडे पाहिले तर तो मुंबईला वाटतो तितका परका नाही. एमा प्लँक या बाईंनी १९५५ साली अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या सार्वजनिक रुग्णालयात मुलांच्या खेळाचा व शिक्षणाचा जो विभाग सुरू केला, त्यातून हा पेशा बराचसा घडला. आणि एमा प्लँक डॉक्टर नव्हत्या, परिचारिका नव्हत्या, तर व्हिएन्नात माँटेसोरी पद्धतीत तयार झालेल्या शिक्षिका होत्या. त्याच माँटेसोरी विचारातून गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला, १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, आणि शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेण्याच्या त्यांच्या व अनुताई वाघ यांच्या खटाटोपातून ‘अंगणवाडी’ हा शब्द महाराष्ट्राला मिळाला. १९७५पासून एकात्मिक बालविकास योजनेखाली चालणाऱ्या अंगणवाड्या शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या गल्ल्यांतही आहेत. एका झऱ्यातून निघालेले दोन ओहोळ. एक रुग्णालयात शिरला, दुसरा अंगणात राहिला. अंगणवाडीच्या ताईला मुलाचे नाव ठाऊक असते, त्याच्या घरची भाषा येते, आणि ‘डॉक्टर-डॉक्टर’ हा भातुकलीतला खेळ तेथे तसाही चालतोच. त्या खेळात एक चिंधीची बाहुली, एक मास्क, सलाईनची रिकामी नळी आणि चिकटपट्टी आली, तर तयारीचे निम्मे साहित्य जमले.

दुसरे मनुष्यबळही हाकेच्या अंतरावर आहे. १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याची शाळा म्हणून सुरू झालेली आणि १९५४पासून देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था गोवंडी स्थानकापासून दूर नाही. तिने १९३७ साली मुंबईत देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र काढले होते, आणि भारतातील पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूकही १९४६ साली मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात झाली. रुग्णालयातील समाजसेवकाच्या वाट्याला आज मुख्यतः योजनांचे अर्ज आणि खर्चाची जुळवाजुळव येते. त्याच्या वेळातला आठवड्यातून एक तास, शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या मुलांना व आयांना एकत्र बसवून, मास्क हाताळू देण्यासाठी आणि शस्त्रक्रियागृहाचे दार, तेथील दिवे, हिरवे कपडे यांची छायाचित्रे दाखवण्यासाठी राखून ठेवला जावा, ही मागणी खर्चाची नाही.

त्या तासात मास्क हातात आलेले मूल प्रथम तो उलटा करून आत पाहते, मग वास घेते, मग बाहुलीच्या तोंडाला लावते आणि तिला ‘श्वास घे’ म्हणून दटावते. पुढे शस्त्रक्रियागृहात त्याच मास्कला जोडलेली रबरी पिशवी त्याच्या श्वासाबरोबर फुगते आणि मिटते, आणि ‘हा फुगा तू फुगवायचा’ असे भूलतज्ज्ञाने म्हटले, की त्या मुलाला करायला एक काम मिळते. ज्याला काम आहे, त्याला केवळ सोसत पडावे लागत नाही. आईने दिलेले शब्दही तेथे कसाला लागतात. ‘लाल रेघेपर्यंत मी येणार, मग तू फुगा फुगवायचा, आणि उठशील तेव्हा मी शेजारी असेन’ असे तिने सांगितले असेल, तर तिला मूल शुद्धीवर येताना शेजारी आणून बसवणे ही रुग्णालयाची जबाबदारी ठरते, कारण भुलीतून बाहेर येताना काही मुले गोंधळतात, हातपाय झाडतात, ओळखीच्या माणसालाही काही मिनिटे ओळखत नाहीत, आणि अशा वेळी ओळखीचा आवाज व वास हेच त्यांना जागेवर आणतात. घरी जाताना तो सरावाचा मास्क मुलाबरोबर द्यावा. गोवंडीला परतल्यावर पोटावरची पट्टी दाखवून झाली, की ते मूल अंगणवाडीत तो मास्क बाहेर काढते, आणि पुढच्या महिन्यात ज्याची तारीख आहे, त्याच्या नाकाला स्वतःच्या हाताने लावून, आत काय काय होते ते त्याला क्रमाने सांगू लागते.